टिकलीचा अनुस्वार

श्रेयाच्या लिखाणातली एकही चूक आपण यापुढं काढायची नाही, असं इंद्रजीतनं एका सकाळी ठरवलं आणि तिथूनच त्याचे ग्रह फिरले.

एखाद्या बापानं असं ठरवलं तर त्यात काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पण इंद्रजीत वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. गाड्यांचे सुटे भाग त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत जायचे आणि त्याचं काम एकच, खोट काढायची. खिशात कायम लाल मार्कर. जरा कुठं ओरखडा दिसला की गोल काढायचा, वर 'रिजेक्ट' लिहायचं, पुढचा घ्यायचा. पंगतीत बसला तरी हा माणूस जिलेबीचा वेढा कुठं तुटलाय ते शेजारच्याला दाखवायचा. (स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही दाखवला होता. तनुजाच्या ते अजून लक्षात आहे.)

श्रेया त्यांची सात वर्षांची लेक. बोलायला बसली की ऐकणारा दमेल, पण कागद पुढं सरकवला की हात पाठीमागं. मागच्या वर्षी शाळेत तिनं 'म्या केळं खाल्लं, लई आवडलं' असं लिहिलं होतं. बाईंनी 'म्या'ला गोल केला, 'केळं'ला गोल केला, 'लई'ला दोनदा केला. पानावर गोवर उठल्यासारखं दिसत होतं. पोरीनं घरी येऊन पेन्सिल कंपासमध्ये ठेवली ती परत काढलीच नाही. शेवटी तनुजानं तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं.

तनुजाचा नियम सोपा होता. पोरीनं काहीही लिहिलं की आधी काय जमलंय ते सांगायचं. मग विचारायचं, एकच गोष्ट सांगू का? आणि हो म्हणाली तर खरंच एकच सांगायची. इंद्रजीतला हा नियम इतका पटला, की त्यानं कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांना तो समजावून सांगितला. त्याच्या हाताखालच्या आकाशला तर रोज. माणसाला नाउमेद न करता चूक कशी दाखवावी, यावर त्याचं सिडकोपासून वाळूजपर्यंत भाषण चालायचं.

आणि मग श्रेयानं कितीतरी दिवसांनी एक ओळ लिहिली, 'माझे पप्पा कंपणीत जातात', आणि उड्या मारत त्याला दाखवायला आणली. त्यानं कौतुकानं कागद हातात घेतला. पुढचं त्याला खरंच आठवत नाही. म्हणजे खिशातून मार्कर कधी निघाला, 'कंपणीत'ला गोल कधी बसला, काहीच नाही. वर 'रिजेक्ट' लिहून त्यानं पुढचा कागद घ्यायला हात पुढं केला, तेव्हा समोर पोरीचं तोंड दिसलं.

पेन्सिल पुन्हा कंपासमध्ये गेली. तनुजानं त्याचा मार्कर काढून घेतला, कुठं ठेवला ते आजतागायत सांगितलेलं नाही, आणि दोन दिवस त्याच्याशी फक्त भाजी वाढण्यापुरतं बोलली. म्हणून तो वर सांगितलेला निश्चय. चूक काढायची नाही. किंबहुना चूक बघायचीच नाही.

हे सगळं कमी होतं म्हणून की काय, आबांचा फोन आला. आबा म्हणजे इंद्रजीतचे वडील. नाव नानासाहेब, पण घरात, गावात आणि लासूर स्टेशनच्या अख्ख्या बाजारात त्यांना आबाच म्हणतात. घरी शिकणं म्हणजे घरी बसणं, असं त्यांचं ठाम मत. ते म्हणाले, गुरुवारी येतो, पोरीचं लिवलेलं बघतो, लिवता येत नसंल तर जूनमधी शाळंत घालायची आन् म्याच नेऊन घालीन. बोलून झालं आणि फोन ठेवला. आबांचा फोन असाच असतो, समोरच्याला हुं म्हणायला जागा नसते.

दाखवायला घरात पोरीचं होतं काय? एक ओळ, आणि तिच्यावर 'रिजेक्ट'.

आबांच्या आधी आबांचे आंबे आले. मळ्यातल्या गावरान झाडांना यंदा पाड असा लागला होता की त्यांनी टेम्पो भरून क्रेट पाठवले. इकडं शहरात उन्हानं रस्त्याचं डांबर मऊ होत होतं. चार दिवसांत सगळे आंबे एकदम पिकले. हॉलमध्ये आंबे, पलंगाखाली आंबे, फ्रीजचं दार लागेना. घरात पाय ठेवला की वासानंच पोट भरायचं. गुरुवारी सकाळी तनुजानं मिक्सर लावला आणि म्हणाली, आपल्याच्यानं संपायचे नाहीत, गेटवर क्रेट ठेवू, कॉलनीतल्या लोकांना घेऊन जाऊ दे.

"मग बोर्ड लागंल," श्रेया म्हणाली. "म्या लिहिते."

मिक्सर बंद झाला. तनुजानं इंद्रजीतकडं बघितलं, इंद्रजीतनं तनुजाकडं. पोरगी आपण होऊन लिहिते म्हणत होती. तनुजानं अगदी सहज, काही विशेष नाही अशा आवाजात, खोक्याचा पुठ्ठा दिला आणि परत मिक्सर लावला. आत आंबा टाकायचा राहिलाय, हे तिला बऱ्याच वेळानं कळलं.

श्रेया पुठ्ठा आणि स्केचपेन घेऊन अंगणात गेली. बऱ्याच वेळानं आली ती धावतच, हात निळे, नाकही निळं. बोर्ड तिनं गेटला बांधूनसुद्धा टाकला होता. तिनं पप्पांना ओढत बाहेर नेलं. इंद्रजीतनं बोर्डासमोर उभं राहून आधी डोळे जरा बारीक केले. अशानं अक्षरं दिसतात पण चुका दिसत नाहीत, असा त्यानं शोध लावला होता. पाच ओळी. पाच!

"वा," तो म्हणाला. "एकदम फर्स्ट क्लास."

"कुठं चुकलंय?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही."

पोरीचा चेहरा असा उजळला की इंद्रजीतला राहवेना. त्यानं बोर्डाचा फोटो काढला आणि घरच्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली लिहिलं, 'आमच्या श्रेयानं एकटीनं लिहिलं.' मग छाती फुगवून आत आला, कारण त्याची दुसरी पाळी होती आणि डबा भरायचा होता.

पाचच मिनिटांत दीपमालाचा फोन. दीपमाला त्याची धाकटी बहीण, वैजापूरला दिलेली. इकडं मिक्सर घरघरत होता. इंद्रजीतनं फोन खांद्यात दाबला.

"दादा, हे काय टाकलंय ग्रुपवर?"

"वाचलंस ना? कसं वाटलं?"

"खरंच देऊन टाकणार?"

"मग काय करणार? घरात ठेवायला जागा नाही."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "आन् दबलाय म्हणजे?"

"खालच्या बाजूनं दबलंय गं. टेम्पोतून आणताना वरचं सगळं ओझं अंगावर आलं."

"टेम्पोतून आणलं?"

"मग काय, मोटारीनं आणू?"

"वहिनी काय म्हणती?"

"ती वैतागलीय. म्हणती, संध्याकाळपर्यंत कुणी नेलं नाही तर पिळून घेऊ आणि उरलेलं गाईला घालू."

तिकडं दीपमालानं आधी घसा साफ केला. मग तिनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "दादा, मी रडू का हसू ते मला कळंना. तू तो बोर्ड एकदा डोळे उघडून वाच."

इंद्रजीतनं फोटो उघडला. डोळे नेहमीएवढे केले. आणि वाचलं.

'आबा घेऊन जा. फुकट. आबा लई गोड हाय. थोडा दबलाय पन चालतो. लवकर या नायतर सडन.'

एक टिंब. अख्ख्या बोर्डावर कुठं एक टिंब म्हणून नव्हतं, आणि त्यापायी त्याचे जन्मदाते वडील गेटवर फुकट निघाले होते. आणि ग्रुपमध्ये आबा होते. नुसते होते असं नाही, ते वाचायचे. पहाटे गुलाबाचं फूल पाठवून जो दिवस चालू करायचे, तो सगळ्यांचं सगळं वाचूनच संपवायचे.

त्यानं फोटो सगळ्यांसाठी डिलीट केला. तिथं 'हा मेसेज डिलीट केला गेला' अशी ओळ उमटली, ती फोटोपेक्षा भयंकर दिसायला लागली. म्हणून त्यानं घामेजल्या अंगठ्यांनी घाईघाईत खुलासा टाकला आणि मिक्सरपाशी जाऊन तनुजाला सगळं सांगितलं.

तनुजानं मिक्सर बंद केला. आधी तिनं पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले. मग डोळे पुसून एकदम गंभीर झाली.

"तिला काही सांगायचं नाही."

"अगं, आबा येतायत. आता निघाले असतील."

"आबा मोठे आहेत, त्यांना समजावता येईल. तिला समजावता आलं नव्हतं, ते आपण दोघांनी बघितलंय. पोरीनं आज कुठं हात पुढं केलाय. तुम्ही बोट जरी लावलंत ना त्या बोर्डाला, तर मी लासूरला जाऊन आंबे राखीत बसेन, सांगून ठेवते."

इंद्रजीत गेटवर आला. श्रेया बोर्डाशेजारी स्टूल टाकून दुकानदारासारखी बसली होती. तेवढ्यात एक स्कूटरवाला थांबला. त्यानं बोर्ड वाचला, हेल्मेट काढून परत वाचला आणि इंद्रजीतला जवळ बोलावलं.

"क्या भाई, अब्बा फुकट में दे रै क्या?"

"नहीं नहीं, आंबा. मँगो."

"अच्छा मँगो." त्यानं सुटकेचा श्वास सोडला. "मैं बोला, हमारे घर में एक हैं पहले से, वोइच नहीं संभल रै."

तो पिशवीभर आंबे घेऊन गेला. श्रेयानं विचारलं, ते हसले का? इंद्रजीत म्हणाला, आंबे बघून आनंद झाला त्यांना. आज तो इतकं खोटं बोलत होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटायला लागलं. पण असं किती जणांना सांगत बसणार? टिंब द्यायलाच हवं होतं. पेन शोधावं तर स्केचपेनं पोरीच्या मुठीत, आणि मार्कर तनुजालाच ठाऊक.

तो आत आला, येरझाऱ्या घातल्या, आणि बेसिनवरच्या आरशापाशी थबकला. आरशाच्या कोपऱ्यात तनुजाचं टिकल्यांचं पाकीट खोचलेलं होतं. मरून रंगाच्या, गोल, नेमक्या टिंबाएवढ्या. इंद्रजीतला वाटलं, आपण क्वालिटीत उगाच गेलो, आपल्याला डिझाइन खात्यात घ्यायला हवं होतं.

बोर्ड जरा सरळ करतो, असं म्हणत त्यानं पहिल्या 'आबा'च्या 'आ'वर अलगद एक टिकली बसवली. झाला आंबा. खाडाखोड नाही, लाल गोल नाही, काही नाही. दुसऱ्या 'आबा'कडं तो वळणार, तोच मागून आवाज आला.

"पप्पा, हे काय लावलं?"

"हे होय?" इंद्रजीतचं डोकं बंद पडलं. "ही सजावट."

"मला द्या."

आणि नाही म्हणायच्या आत पाकीट पोरीच्या हातात गेलं. इकडं आतून डबा तयार आहे म्हणून हाक आली, तो आत गेला, दोन घोट पाणी प्यायला आणि बाहेर आला. तोवर श्रेयानं एकही अक्षर उपाशी ठेवलं नव्हतं. पहिल्या दोन ओळींतल्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर टिकली होती. तिथं पाकीट संपलं होतं, म्हणून पुढच्या तीन ओळी बोडक्या राहिल्या होत्या. आणि गेटसमोर रिक्षा थांबली होती.

आबा उतरले. टोपी नीट केली, पिशवी खाली ठेवली, चष्मा काढला, पुसला, घातला. आबा वाचतात ते मोठ्यानं आणि लिहिलंय तसं.

"आंबां घेंऊंनं जां," आबांनी वाचलं. सगळं नाकात. "फुंकंटं."

रिक्षावाला थांबून ऐकायला लागला. आबांनी चष्मा वर केला आणि पुढच्या ओळीवर आले.

"आबा लई गोड हाय." ते थांबले. "थोडा दबलाय पन चालतो." परत थांबले. "लवकर या, नायतर..."

शेवटचा शब्द त्यांनी मनातच वाचला. तनुजा हातातला रसाचा डाव तसाच घेऊन दारात उभी होती.

"इंद्रजीत," आबा म्हणाले, "म्या कवा दबलो रं?"

श्रेयानं आबांकडं बघितलं, मग बोर्डाकडं. तिचे ओठ हलले. आ, बा. आ, बा. आणि तिला कळलं. इंद्रजीतला ते तिच्या चेहऱ्यावर उतरताना दिसलं. तोच चेहरा, 'रिजेक्ट'च्या वेळचा. स्केचपेन धरलेला हात हळूहळू पाठीमागं निघाला. गेला, हाही हात गेला, असं इंद्रजीतच्या मनात आलं, आणि या वेळी लाल मार्कर नसतानासुद्धा आपणच घालवला.

आबांनी ते बघितलं की नाही, कुणास ठाऊक. ते गुडघ्यावर हात टेकून स्टुलावर बसले.

"हे कुनी लिवलं?"

"म्या," श्रेया म्हणाली. ऐकू येईल न येईल इतकंच.

"समदं एकटीनं?"

तिनं मान हलवली. आबांनी हात लांबवून 'जां'वरची टिकली नखानं काढली आणि बोटाच्या टोकावर धरली.

"हे बघ. मला टिकली लावतेत का?"

"नाही."

"मग ज्याला टिकली नाय, त्यो म्या. ज्याला टिकली हाय, त्यो खायाचा. आता हितं कोन हाय ते वाच."

श्रेयानं तिसरी ओळ वाचली. "आबा लई गोड हाय."

"हां, हे खरं हाय, हे ऱ्हाऊ दे. फुडं?"

"थोडा दबलाय पन..."

"माज्या गुडघ्याचं तुला कुनी सांगितलं?"

श्रेयाच्या नाकाचा निळा शेंडा थरथरला. मग तिला हसू फुटलं. आधी दाबून, मग खळखळून, मग ती गेटजवळच्या फरशीवर फतकल मारून हसायला लागली. "आबा सडन," ती म्हणायची आणि परत लोळायची. आबाही हसले, रिक्षावाला हसला, तनुजा हसता हसता डावानं डोळे पुसायला निघाली होती. इंद्रजीतला इतका आनंद झाला की त्यानं काही कारण नसताना क्रेट उचलून दुसरीकडं ठेवला.

मग पोरगी उठली. कुणी काही न सांगता तिनं जादा टिकल्या एकेक करून उपटल्या. 'आबा लई गोड हाय' ही ओळ तशीच ठेवली. 'थोडा'च्या आधी नवीन शब्द लिहिला, 'आंबा', आणि टिकली दाबून बसवली. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून दुसरा पुठ्ठा आणला आणि खाली बांधला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'आंबा फुकट. आबा नाय.'

आबांनी तेही मोठ्यानं वाचलं. "माजी किंमत वाढली म्हनायची," म्हणाले.

तनुजानं पाणी दिलं आणि धीर करून विचारलं, "आबा, ते जूनमधी शाळेत घालायचं..."

"शाळंत टिकल्या लावू देतेत का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ द्या हितंच," आबा म्हणाले आणि पाणी प्यायले. तनुजा तोंड फिरवून आत गेली. रडत होती, पण चेहरा लग्नातल्यासारखा. (जिलेबी दाखवायच्या आधीचा.)

इंद्रजीतची छाती पुन्हा फुगली. शेवटी टिकलीची कल्पना कुणाची? तो हे आबांना सांगणारच होता, तेवढ्यात आबांनी खिशातून फोन काढला.

"आन् मगाशी ग्रुपवर हे काय टाकलंस? रिक्षात नीट वाचता आलं नाय. श्रेया, वाच गं."

श्रेयानं बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचलं. "कृपया नोंद घ्यावी. आबा व आंबा यात... गोधळ झाला आहे. आबा देणे नाही."

ती थांबली. बोट मागं नेलं. "गो-ध-ळ," तिनं परत वाचलं, आणि पप्पांच्या तोंडाकडं काळजीनं बघितलं. मग फोन खाली ठेवून त्याचा हात हातात घेतला.

"पप्पा, तुम्ही छान लिहिलंय. केवढं मोठं लिहिलंय. एकच गोष्ट सांगू का?"

इंद्रजीतनं मान हलवली. दुसरं करणार काय?

"एक टिकली राहिली. पण काही होत नाही. डोळे मिटा."

त्यानं डोळे मिटले. कपाळावर छोटासा हात दाबला गेला. पोरीनं आपल्याला शाबासकी दिली, या विचारानं त्याला भरून आलं. तसाच डबा घेऊन तो निघाला, कारण कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती.

बसमध्ये शेजारी आकाश बसला होता. तो आज फारच अदबीनं वागत होता. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमननं कधी नव्हे तो वाकून नमस्कार केला. लाइनवर जो तो याच्याकडं बघायचा आणि गंभीर तोंड करून कामाला लागायचा. इंद्रजीतला वाटलं, पोरीच्या यशाचं तेज आपल्या चेहऱ्यावर आलं असणार. चहाच्या सुट्टीत हात धुताना त्यानं आरशात बघितलं, तेव्हा दोन्ही भुवयांच्या मधोमध ती टिकली होती. मरून, गोल, नेमकी टिंबाएवढी.

तो तसाच ओल्या हातांनी आकाशवर धावून गेला. एवढा वेळ दिसत होतं, तर बोलला का नाहीस?

"सर, तुम्हीच शिकवलंय ना," आकाश म्हणाला. "चूक दाखवायच्या आधी समोरच्याला काय जमलंय ते सांगायचं. बसमध्ये बसल्यापासून तेच शोधतोय."